दिवसाची झोप

रात्र जागता येते. दिवसा झोपणं शिकावं लागतं, आणि कित्येकांना ते निवृत्तीपर्यंत साधत नाही.

*

रात्रपाळीचा माणूस दोन पाळ्या करतो. पहिली कारखान्यात, रात्री दहा ते सकाळी सहा. दुसरी घरी, आठ-साडेआठपासून, डोळ्यांवर पंचा टाकून. पगार पहिलीचा मिळतो, पण दुसरी बिघडली की पहिलीही बिघडते.

*

मी भोसरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं मशीनवर उभा राहिलो. दर आठवड्याला पाळी बदलायची. नाइटच्या पहिल्या दिवशी शरीर कुरकुरतं, मधल्या दिवसांत गप्प राहतं, शेवटी जरा रुळायला लागतं आणि तेवढ्यात फर्स्ट, म्हणजे सकाळची पाळी, लागते. हळूहळू सवय होते, असं सगळे म्हणतात. सवय होते ती तक्रार न करण्याची. शरीर आपलं जुनंच घड्याळ धरून असतं.

ते घड्याळ खरोखर आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. उजेडावरून तो दिवस-रात्र ठरवतो आणि बाकीच्या शरीराला कळवतो. असं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सर्वांत खाली उतरतं. रात्री खाल्लेल्या भाकरीची साखर रक्तातून उतरायला दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो. पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसच्या खिडकीतून तोंडावर येणारं ऊन त्या पुंजक्याला सांगतं, दिवस सुरू झाला. मग दमलेलं शरीर आणि जागा झालेला मेंदू एकाच अंथरुणावर पडतात. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक-दोन तासांनी तरी कमी भरते, ती म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. कारखान्यात ॲसिडच्या पिंपावर इशारा रंगवलेला असतो. पाळ्यांचा तक्ता लागतो त्या फळ्यावर मी असा इशारा कधी पाहिला नाही.

*

पहाटे तीन ते पाच हे घड्याळात दोनच तास असतात.

त्या वेळी हात चालू राहतो आणि लक्ष मधूनच सुटतं. माप वाचलेलं असतं, पण मनात उतरलेलं नसतं. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत 1979 मध्ये बिघाड सुरू झाला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. चेर्नोबिलची भट्टी 1986 मध्ये रात्री दीडच्या सुमारास फुटली. यंत्रांचे आणि आराखड्यांचे दोष तिथे होतेच, सगळा भार झोपेवर टाकणं खोटं ठरेल. पण ज्या वेळी माणूस सर्वांत कच्चा असतो त्या वेळी त्याला धोक्याच्या यंत्रापाशी एकटं उभं करू नये, एवढं समजायला अपघात व्हावा लागू नये.

*

पावणेसहाला आपल्या जागी उभं राहायला दारातून आत येणारा रिलिव्हर ज्याने पाहिला आहे, त्याला वेळेवर येण्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही.

*

जागरणाला आपण पुण्य मानतो. खंडोबाच्या जागरण-गोंधळात घर जागतं, भावकी जागते, दुसऱ्या दिवशी सगळे मिळून आडवे होतात आणि कुणी कुणाला उठवत नाही. तिथे जागणंही वाटून घेतलेलं असतं आणि थकवाही. रात्रपाळीचा थकवा एकट्याचा असतो. घरातले बाकीचे ताजेतवाने होऊन उठलेले असतात.

*

1948 च्या कारखाने अधिनियमात एक कलम होतं. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते त्याचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तास धरावा, आणि त्याची सुट्टीही तिथूनच मोजावी. कायद्याने या माणसाचा दिवस वेगळा आहे हे मान्य केलं, याचं मला समाधान वाटतं. पण हिशेब पाहा. सुट्टी सकाळी सहाला सुरू होते आणि तिचे सात-आठ तास झोपेत जातात. संध्याकाळी चारला उठलेल्या माणसाच्या हाती सुट्टीची एक संध्याकाळ उरते. मुलाला घेऊन बागेत जायचं ते त्याच संध्याकाळी, आणि सासुरवाडीचं लग्न असेल तर तेही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्यांत रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळेत लाऊडस्पीकर बंद. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्या आठ तासांना कायद्याने शांतता दिली, नेमके तेच आठ तास हा माणूस मशीनच्या आवाजात काढतो. तो झोपतो तेव्हा भंगारवाल्याच्या हाकेला, वरच्या मजल्यावरच्या ड्रिलला, वरातीच्या बँडला, सगळ्याला मुभा असते. त्याची रात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

*

ती रात्र बसवतं घर. सकाळी नवानंतर कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, पोरांनी कॅरम काढायचा नाही. ‘बाबा झोपलेत’ हे वाक्य त्या घरातलं मूल फार लवकर शिकतं. दारावर कुणी आलं की बायको बेल वाजायच्या आत धावते. त्याच्या झोपेवर तिचा पहारा असतो. रात्रपाळीचा भत्ता एकाला मिळतो, पाळी मात्र सगळं घर करतं.

मग बाईच रात्रपाळीला असेल तर पहारा कोण देतो?

त्याच 1948 च्या कायद्याने बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला मनाई केली होती, आणि ती कित्येक दशकं चालली. इस्पितळात मात्र रात्र तिच्याच हाती होती. शेजारच्या एक सिस्टर सरकारी इस्पितळात होत्या. नाइट संपवून, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन त्या साडेआठला घरी येत आणि आल्या आल्या पीठ मळायला घेत. मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, धुणं. अकराला पाठ टेकायची, दीडला शाळेची व्हॅन. त्यांच्या नवऱ्याने कधी वाईट शब्द काढला नाही, माणूस सज्जन होता. पण मी झोपलो की आमच्या घरात जी शांतता पाळली जायची ती त्या घरात कधीच पाळली गेली नाही, आणि त्यात काही चुकतं आहे असं त्या घरात कुणालाही वाटलं नाही. ज्या हातांनी रात्रभर दुसऱ्यांच्या शिरेतली सुई सांभाळली, त्यांना सलग चार तास मिळू नयेत हा अन्याय आहे. त्याला संसार म्हणून झाकू नये.

*

1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. आणखी एक मागणी होती. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला बंद व्हावी. रविवार 1890 मध्ये मिळाला आणि तो सर्वांच्या लक्षात राहिला. सूर्यास्ताची आठवण कुणी काढत नाही. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्याला बारा तासांची वेस घालणारा कायदा व्हायला 1911 उजाडलं. दिवा आधी येतो, कायदा मागून येतो.

पुढे गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या. गिरणगावच्या खोल्यांत दहा-पंधरा जण राहत. फर्स्टचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. खानावळ चालवणाऱ्या बायका पाळ्यांच्या वेळा सांभाळून ताटं वाढायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना एकत्र करून. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. गर्दी होती, ढेकूण होते, क्षय होता. पण सगळी वस्तीच भोंग्यावर जगत होती. दुपारी झोपलेल्या माणसाला न उठवता ओलांडून कसं जायचं हे तिथल्या पोरालाही ठाऊक होतं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक करून बहुतेक भोंगे थांबले. रात्रपाळी थांबली नाही, ती पांगली. आज या इमारतीत एक वॉचमन राहतो, त्या इमारतीत एक रुग्णवाहिकेचा चालक, तिसरीत हेडफोन लावून काम करणारी एक मुलगी. तिघंही दिवसाच्या माणसांत एकेकटे. कुणाला वाटतं हा आळशी आहे, कुणाला वाटतं ही रात्री कुठे जाते.

त्या मुलीची रात्र तर इथली नाहीच, ती अमेरिकेच्या घड्याळावर चालते. न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळं तासाने सरकवतात, तेव्हा हिंजवडीतल्या तिच्या पाळीची वेळही तासाने सरकते.

*

काही रात्री कुणालातरी जागाव्याच लागतात. बाळंतपण उजाडायची वाट पाहत नाही. साखर कारखाना एकदा गळिताला लागला की रात्री थांबवता येत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटत जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या रुळांवर गस्त घालणारा माणूस रात्री चालतो म्हणून गाडीतली माणसं झोपून प्रवास करतात. अशा जागण्यापुढे मी हात जोडतो.

पण गव्हाला पाणी रात्री दोनलाच लागतं असं नाही.

शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असं वर्षानुवर्षं चाललं. माझा मावसभाऊ जुन्नरकडे शेती करतो. रात्रीची लाईट असली की बॅटरी आणि काठी घेऊन तो दारं धरायला निघतो. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात, तो भरला की त्याच्या पुढच्या. पौषातली थंडी, पाय चिखलात. मण्यार रात्रीच हिंडते. बिबट्या उसातच असतो. मधेच लाईट गेली तर ती येईपर्यंत बांधावर बसून राहायचं, कारण ती कधी येईल याचा नेम नाही. पहाटे घरी आला की धार काढायची वेळ झालेली असते. त्याला पंच करायला मशीन नाही, भत्ता नाही, रिलिव्हर नाही. दिवसाची झोपही नाही. रात्रपाळी म्हटलं की आपल्याला कारखाना आठवतो, इस्पितळ आठवतं. हा माणूस आठवत नाही.

राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. 2022 मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकरी दिवसा दहा तास वीज मागत ठाण मांडून बसले होते. लोखंडे यांनी गिरणीसाठी मागितलं तेच हे मागणं आहे. काम सूर्य असताना होऊ द्या. जी रात्र टाळता येते ती माणसाकडून मागणं चूक आहे, मग ती मागणारा कुणीही असो.

*

आणि ज्या रात्री टाळता येत नाहीत, त्यांची भरपाई दिवसा करावी लागते. ती पैशात पुरी होत नाही. ती शांततेत करावी लागते, आणि शांतता देणं मालकाच्या हातात नाही, शेजाऱ्याच्या हातात आहे.

तुमच्या जिन्यात कुणी रात्रपाळी करत असेल तर त्याची पाळी विचारून ठेवा. घरात ठोकाठोकीचं काम काढलंत तर ते दुपारी चारनंतर घ्या. त्याचं पार्सल आलं तर तुमच्याकडे ठेवून घ्या. ती बाई असेल तर तिच्या मुलांना शाळेतून आल्यावर तासभर आपल्या घरी बसवा. आणि सकाळी दहाला, काम कितीही छोटं असलं तरी, त्या दाराची बेल वाजवू नका.