प्रत्येक गावात तीच लढाई

लोकप्रिय चित्रपटमालिकेवर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सगळे तेच ते आहे. ‘झातोइची’ या जपानी मालिकेवर तर तो सहज घेता येतो. 1962 ते 1973 या काळात शिंतारो कात्सू या नटाने आंधळ्या इचीची भूमिका 25 चित्रपटांत केली. 1964 या एकाच वर्षात चार चित्रपट पडद्यावर आले. पुढे 1974 ते 1979 दरम्यान दूरचित्रवाणीवर शंभर भाग झाले आणि 1989 मध्ये कात्सूने स्वतः दिग्दर्शित केलेला सव्विसावा चित्रपट आला. कथेचा सांगाडा बहुतेक ठिकाणी एकच. अंगमर्दन करून पोट भरणारा एक आंधळा वाटसरू काठी टेकत गावात येतो. गावावर जुगारअड्डा चालवणाऱ्या एखाद्या दादाची दहशत असते. कुणी मुलगी विकली जाणार असते, कुणा शेतकऱ्याची जमीन बुडणार असते. इची टाळता येईल तितके टाळतो आणि शेवटी त्याच्या काठीतली गुप्ती बाहेर येते. माणसे पडतात, गाव सुटते, इची चालू लागतो.

या पुनरावृत्तीत मला मालिकेचा दोष दिसत नाही. तिचे खरे म्हणणे तिथेच आहे असे वाटते. एकट्या शूराने तलवारीच्या जोरावर केलेला न्याय टिकत नाही. टिकला असता तर पुढच्या गावात इचीची गरजच पडली नसती. एकेकट्या चित्रपटात इची जिंकतो; सगळे ओळीने पाहिले की तो हरत आल्याचे लक्षात येते. करमणुकीसाठी काढलेल्या मालिकेने शूरपूजेची इतकी कठोर चिकित्सा केलेली मला दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

आधी या कथेचा काळ पाहायला हवा. इची भटकतो तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जपानमध्ये, विशेषतः तेम्पो काळात, म्हणजे 1830 ते 1844 या वर्षांत. 1833 नंतरच्या दुष्काळाने खेडी खिळखिळी झाली होती. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, भोवतालच्या कांतो प्रदेशात जमिनीची मालकी अनेक सरदार आणि शोगुनचे, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचे, सेवक यांच्यात तुकड्यातुकड्यांनी विभागलेली होती. एका हद्दीत गुन्हा करून दुसरीत शिरणे सोपे होते. अशा भूमीत जुगारी टोळ्या फोफावल्या, आणि काही टोळीप्रमुख तर एकीकडे जुगारअड्डा चालवत दुसरीकडे सरकारचे हस्तक म्हणून चोर पकडत. पहिल्या चित्रपटातला इइओकाचा सुकेगोरो असाच माणूस, आणि तो काल्पनिक नाही. त्याची आणि सासागावाच्या शिगेझोची टोळी 1844 मध्ये तोने नदीकाठी एकमेकांवर तुटून पडल्याचे प्रसिद्ध आहे. कान शिमोझावा या लेखकाने 1948 मध्ये लिहिलेल्या, जेमतेम काही पानांच्या एका कथेत सुकेगोरोच्या आश्रयाला असलेला आंधळा इची येतो. त्या बीजातून पटकथाकार मिनोरू इनुझुका आणि दिग्दर्शक केंजी मिसुमी यांनी पहिला चित्रपट उभा केला.

इचीच्या नावातला ‘झातो’ हा आंधळ्यांच्या संघटनेतला हुद्दा. शोगुनशाहीत आंधळ्या पुरुषांची ‘तोदोझा’ नावाची अधिकृत संघटना होती. बिवा हे तंतुवाद्य वाजवून युद्धकथा गाणे, अंगमर्दन, सुयांची चिकित्सा आणि सावकारी हे तिच्या सभासदांचे व्यवसाय. तिच्यात चार मुख्य दर्जे आणि त्यांच्या पोटात 73 पायऱ्या होत्या. वरच्या पायऱ्या बहुतांशी पैसे मोजून चढाव्या लागत. सर्वांत वर ‘केंग्यो’, सर्वांत खाली ‘झातो’. विद्वान हानावा होकीइची याच रचनेतून केंग्यो झाला आणि त्याने जुन्या ग्रंथांचा प्रचंड संग्रह संपादित केला. शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारने 1871 मध्ये ही संघटना मोडली.

कात्सूने आधी या शिडीचा माथा पडद्यावर रंगवला होता. 1960 च्या ‘शिरानुइ केंग्यो’ या चित्रपटात तो खून आणि फसवणूक करत केंग्योपदापर्यंत चढणारा आंधळा झाला. त्या भूमिकेने त्याला नाव मिळवून दिले. त्यानंतर आलेला इची त्याच शिडीच्या तळाशी आहे आणि वर चढण्याची त्याला इच्छा नाही. त्यातही तो जुगारी, म्हणजे कायद्याबाहेरचा. सामुराईंना त्याच्याशी बोलायलाही कमीपणा वाटतो, अंगमर्दनवाला म्हणून गिऱ्हाईक त्याला हिडीसफिडीस करते, टोळीवाले त्याची टिंगल करतात. लोक तुच्छ लेखत होते म्हणून आपण तलवार शिकलो, असे तो पहिल्या चित्रपटात सांगतो. त्याच्या शस्त्राचा उगम अपमानात आहे, पराक्रमाच्या हौसेत नाही.

हा अपमान मालिका कसा दाखवते, हे पहिल्या चित्रपटातल्या फाशांच्या प्रसंगात दिसते. सुकेगोरोच्या माणसांबरोबर इची सम-विषमचा जुगार खेळायला बसतो. पेला तो उपडा घालतो, पण फासे बाहेरच पडतात. ते सगळ्यांना दिसतात, आंधळ्याला तेवढे दिसत नाहीत. एकही जण त्याला सांगत नाही. सगळे दिसणाऱ्या आकड्यावर पैसे लावतात आणि जिंकतात. पुन्हा तसेच घडते, डाव वाढतो. मग इची शांतपणे म्हणतो, अरे, हे फासे तर बाहीतून पडलेले दिसतात. तो ते उचलतो, पेला उघडतो, तर आत वेगळेच फासे आणि वेगळाच आकडा. चिडलेल्यांना तो विचारतो त्याचा आशय एवढाच की, फासे पेल्याच्या आत असतात हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? तलवार अजून निघालेली नाही, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाची नियत उघडी पडली आहे. दिसणाऱ्यांनी आंधळ्याला लुबाडायचे ठरवले आणि त्यांच्या दिसण्यानेच ते फसले. माझ्या मते सबंध मालिकेतली सर्वांत धारदार लढाई हीच, कारण तिच्यात शिक्षा झालेला प्रत्येक जण आपल्याच कृत्याने शिक्षेला पात्र ठरतो.

पुढच्या तलवारीच्या लढायांना एवढी न्याय्यता लाभत नाही आणि दिग्दर्शकांना ते कळत होते. पहिल्या चित्रपटाचा शेवट घ्या. प्रतिपक्षाच्या टोळीत हिराते नावाचा क्षयाने खंगलेला, धन्याविना उरलेला सामुराई आहे. तो आणि इची मासे पकडताना भेटतात. दोघांना एकमेकांची योग्यता कळते, मैत्री होते. दोन दादांच्या भांडणात हेच दोघे पुलावर समोरासमोर येतात. आजाराने मरण्यापेक्षा इचीच्या हातून मरावे ही हिरातेची इच्छा, आणि इची ती पुरी करतो. लढाई जिंकल्याचा उत्सव करणाऱ्या सुकेगोरोवर तो संतापतो, आपली गुप्ती हिरातेबरोबर पुरायला देतो, आणि वाटेत त्याच्यासाठी थांबलेल्या ओताने या तरुणीला टाळून दुसऱ्या वाटेने निघून जातो. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात त्याच्याजवळ पुन्हा गुप्ती आहे. धंद्याची गरज म्हणून हे सोडून देता येईल. पण 1963 च्या तिसऱ्या चित्रपटात हाच विषय मध्यभागी येतो. इची तलवार कायमची ठेवायचे ठरवतो, त्याच्या गुरूची बहीण त्याच्याशी लग्न करायला तयार होते, आणि अखेर त्या भ्रष्ट झालेल्या गुरूलाच मारण्याची पाळी त्याच्यावर येते. संसाराचे दार उघडते आणि त्याच्याच शस्त्राने बंद होते.

आठव्या चित्रपटात हा पेच आणखी खोल जातो. इचीला मारायला आलेल्यांच्या हातून चुकून एक तरुण आई मरते आणि तिचे तान्हे मूल इचीच्या पदरात पडते. बापाकडे ते पोचवायचे म्हणून तो लंगोट बदलत, रडे थांबवत चालत राहतो आणि त्या मुलात गुंततो. बाप मूल नाकारतो. शेवटी शत्रू पेटते पलिते घेऊन इचीला घेरतात, म्हणजे आगीच्या आवाजात त्याला पावले ऐकू येऊ नयेत. तो त्यातूनही वाचतो, पण मूल ठेवून घेऊ शकत नाही. ज्याच्या मागे रोज मारेकरी आहेत त्याच्याजवळ मूल कसे वाढणार? प्रेमाला लागणारे स्थैर्य त्याच्या कौशल्याने कधीच हिरावून घेतले आहे.

ही मालिका वैयक्तिक शोकांतिकेपाशी थांबली असती तरी चांगली ठरली असती. पण दोन चित्रपट सामाजिक प्रश्नालाच हात घालतात. 1966 च्या चौदाव्या चित्रपटाची पटकथा कानेतो शिंदो या नामवंत दिग्दर्शक-लेखकाची. हातून झालेल्या हत्यांचे प्रायश्चित्त म्हणून इची शिकोकू बेटावरच्या 88 मंदिरांच्या यात्रेला निघतो. वाटेत लागलेल्या गावाला लुटारूंपासून सुटका हवी आहे. गावकरी हिशेब करतात: हा परका आंधळा लढेल, आपण घरात बसू, मेला तरी आपले काय जाते? इची अगदी एकटा पडतो. शूर माणसाची वाट पाहत बसलेले गाव निष्पाप राहत नाही, हे शिंदोने ओळखले होते. संरक्षण बाहेरून येणार असेल तर आतले धैर्य मरत जाते.

1967 चा सोळावा चित्रपट त्याहून पुढे जातो. तो कात्सूच्या स्वतःच्या संस्थेची पहिली निर्मिती, आणि दिग्दर्शक होते डाव्या विचारांचे सात्सुओ यामामोतो. यात ओहारा नावाचा एक माणूस शेतकऱ्यांना जुगार सोडायला, एकत्र येऊन शेती सुधारायला शिकवतो. तलवार त्याने सोडून दिली आहे. त्यामागे ऐतिहासिक व्यक्ती आहे: ओहारा युगाकू. त्याने शिमोसा प्रांतात 1838 मध्ये शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभारली. शोगुनशाहीच्या संशयाने त्याचा पिच्छा पुरवला आणि 1858 मध्ये त्याने आत्महत्या केली. चित्रपटात इची शेतकऱ्यांचा कैवारी वाटणाऱ्या एका दादाच्या बाजूने तलवार चालवतो, आणि तोच दादा सत्ता हाती येताच पूर्वीच्यांहून क्रूर निघतो. कान तीक्ष्ण असूनही इचीला माणूस ओळखता आला नाही. एका बाजूला संथ, कंटाळवाणे वाटणारे, पण गाव स्वतःच्या पायावर उभे करणारे काम. दुसऱ्या बाजूला क्षणात निकाल लावणारी गुप्ती. प्रेक्षक गुप्तीसाठी तिकीट काढतो हे यामामोतोंना ठाऊक होते, तरीही त्यांनी त्याला ओहाराकडे पाहायला लावले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. निर्मात्यांना गल्ला हवा होता, म्हणून चित्रपट निघत राहिले. त्यात तत्त्वज्ञान कशाला शोधायचे? गल्ल्याची गोष्ट खरी आहे. हे चित्रपट काढणारी दाइएई संस्था डबघाईला येत 1971 मध्ये दिवाळखोरीत गेली, तोवर हा नायक तिचा मोठा आधार होता. दिग्दर्शक कुरोसावाच्या चित्रपटातल्या अंगरक्षकाची आठवण देणाऱ्या भूमिकेत तोशिरो मिफुनेला 1970 मध्ये इचीसमोर उभे केले तेही गर्दी खेचायला. पण तोच चित्रपट पाहा: पूर्वी अनुभवलेल्या एका शांत गावाच्या ओढीने इची परततो, आणि ते गाव टोळ्यांनी नासवलेले असते. निर्मात्याचा हेतू काहीही असो, मालिकेचा आकार काय बोलतो हे त्या हेतूवर अवलंबून नसते. 1972 मध्ये कात्सूने स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात तर इचीने वाचवू पाहिलेल्या माणसांना त्याच्या मदतीचा काहीच उपयोग होत नाही, आणि शत्रू त्याचे दोन्ही तळहात भोसकतात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एक इंद्रिय नसले की दुसरी अलौकिक होतात ही कल्पना प्रत्यक्षातल्या अंध माणसांवर अन्याय करते. त्यांना शिक्षण, रस्ते, काम आणि साधा आदर हवा असतो. चमत्काराची अट घालून मिळणारा आदर हा आदर नव्हे. मालिकेच्या उत्तरार्धात इचीची तलवार जसजशी जादूसारखी चालू लागते तसतसा हा दोष वाढत जातो. त्याला तोल देतो तो कात्सूचा अभिनय. त्याचा इची अधाशासारखा खातो, ठेचकाळतो, खोटे बोलतो, लाजतो, स्वतःच्या फजितीवर खदखदून हसतो. नागाउता या गायनप्रकारात शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या या नटाची लय त्याच्या चालण्यात आणि थांबण्यात ऐकू येते. लढाई संपल्यावर त्याच्या चेहऱ्यावर विजय नसतो, थकवा आणि लाज असते.

ती लाज काढून घेतली तर काय उरते, हे ताकेशी कितानोच्या 2003 च्या चित्रपटाने दाखवले. व्हेनिसमध्ये दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळवणारी ती कृती देखणी आहे. तिची लय आणि शेवटचे नृत्य विलक्षण आहे. पण तिच्यातल्या सोनेरी केसांच्या इचीला पश्चात्ताप शिवत नाही. तो मारतो आणि गाव नाचते. मला तो चित्रपट आवडूनही त्यात या मालिकेचा आत्मा सापडत नाही.

हिंसेच्या सुंदर चित्रणाची किंमत पडद्याबाहेरही मोजावी लागली. सव्विसाव्या चित्रपटाच्या चित्रीकरणात 1988 च्या अखेरीस नकली समजून खरी तलवार वापरली गेली आणि एका नटाचा जीव गेला. मालिकेची चर्चा करताना तो मृत्यू वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

लोक नेहमी म्हणतात, कुणीतरी एकदा येऊन हे सगळे साफ केले पाहिजे. कोर्ट संथ, कायदा विकलेला, अशा वेळी ही इच्छा समजण्यासारखी आहे, आणि बहुतेक शूरपट तिला खतपाणी घालतात. झातोइचीही घालतो, पण पुढचे गावही दाखवतो. तिथे दुसरा दादा असतो, दुसरे भित्रे शेजारी असतात आणि तोच दमलेला माणूस पुन्हा काठीला हात घालतो. ज्या गावाने ओहारासारख्याचे ऐकून एकत्र यायचे ठरवले, त्यालाच इचीची गरज उरणार नाही. ज्या समाजाला सतत शूर लागतो त्याने आपले काम स्वतः केलेले नाही, हा निष्कर्ष ही मालिका चित्रपटागणिक आपल्यासमोर ठेवते, आणि तो आपल्याला लागू पडत नाही असे म्हणायला मला कोणताही आधार दिसत नाही.