अर्धशिशी, व्यायाम आणि सहावा अध्याय



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक घेतले आहेत. अर्थ सोपा आहे. जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, अति जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं बेताचं आहे, त्याचाच योग दुःख दूर करणारा होतो.

हे श्लोक मी कितीदा वाचले असतील. पण ते समजायला मला डोकं धरून तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पडावं लागलं. तीच गोष्ट आज सांगतो. थोडी लाजेची आहे, पण सांगतो.

मला अर्धशिशी आहे. मायग्रेन म्हणा. आईलाही होती, अजून अधूनमधून होते. लहानपणी जळकोटच्या आमच्या घरात महिन्यातून एक-दोन दिवस आई डोक्याला ओढणी घट्ट बांधून मधल्या खोलीत पडलेली असायची. दार लोटलेलं, भांड्याचा आवाजसुद्धा सहन व्हायचा नाही. मी तेव्हा आठवीत असेन. गीतेचा दुसरा अध्याय नुकताच पाठ झाला होता आणि पाठांतराची मिजास होती. दुसऱ्या अध्यायात सुरुवातीलाच देव अर्जुनाला मनाचा दुबळेपणा टाकून उठायला सांगतात. तो श्लोक मी आईच्या उशाशी उभा राहून मोठ्यानं म्हटला आणि वर अर्थही सांगितला. "ऊठ की आई, जरा फिरून ये, बरं वाटंल." आई काही बोलली नाही. उठली, भाकरी थापल्या, आणि मागच्या दारी जाऊन उलटी करून आली. मला वाटलं, बघा, उठली की नाही!

आता तिशी ओलांडल्यावर तेच दुखणं माझ्या वाट्याला आलं. दिवसभर स्क्रीन, रात्री उशिरापर्यंत मीटिंगा, जेवणाला वेळ नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नियमित व्यायाम करायला सांगितलं. नियमित हा शब्द मी ऐकला नाही, व्यायाम तेवढा ऐकला.

रथसप्तमीला संकल्प सोडला की चाळीस दिवस, रोज पहाटे 108 सूर्यनमस्कार घालायचे. त्याआधी मी कसेबसे बारा घालत होतो. आपल्या महाराष्ट्रात व्यायाम ही उपासनाच मानली गेली आहे. समर्थांनी गावोगाव मारुती बसवला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला. मला वाटलं, आपणही त्याच वाटेवर आहोत. रोजचा आकडा मी स्टेटसला टाकत होतो, आणि किती जणांनी पाहिला तेही मोजत होतो. हेही कबूल करतो.

पाचव्या दिवशी माघातली एकादशी आली. रात्री दीडपर्यंत काम केलं होतं. पहाटे पाचला उठलो. उपवास कडक करायचा म्हणून पाणीही प्यालो नाही. चाळीस नमस्कार झाले आणि डाव्या डोळ्यापुढं चकाकणाऱ्या नागमोडी रेघा दिसू लागल्या. ही माझी ओळखीची खूण आहे. हिच्यानंतर पाऊण-एक तासात ठोके सुरू होतात. थांबायला पाहिजे होतं, पण मनात म्हणालो, संकल्प आहे. दुबळेपणा टाक, ऊठ. आईला ऐकवलेला तोच श्लोक आता मी स्वतःला ऐकवत होतो. 108 पूर्ण केले. शेवटचे दहा-बारा तर भिंतीला धरून.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळत नाही. आईनं खिडकीला जाड चादर लावली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, आणि पाय न वाजवता ये-जा करत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हणालो, "आई, माझा नेम मोडला." ती म्हणाली, "देव काय हजेरीपट घेऊन बसलाय का रे लेकरा? एवढं कशाला करायलास?"

मंडळी, त्या रात्री मी सहावा अध्याय पुन्हा उघडला, ज्ञानेश्वरीसकट. नेवाशाला 1290 साली माऊलींनी या दोन श्लोकांवर जे सांगितलं, ते जणू माझ्यासाठीच होतं. त्यांनी दोन माणसं दाखवली आहेत. एक जिभेचा आणि झोपेचा गुलाम. दुसरा हट्टाच्या तुरुंगात स्वतःची तहान-भूक कोंडणारा. पहिला चुकतो हे आपल्याला पटकन पटतं. पण दुसरा आपल्याला साधक वाटतो, आणि माऊली मात्र दोघांनाही एकाच माळेत ओवतात. अशा हट्टी माणसाचं शरीरसुद्धा त्याचं उरत नाही, मग योगाची गोष्ट लांबच, असा त्यांचा भाव आहे. मग युक्त म्हणजे काय? तर जेवण मापात, बोलणं मापात, पाऊल टाकणंही मापात, आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यायचा. झोपेला मान! रात्री दीडला लॅपटॉप मिटणाऱ्या माणसानं हे दोनदा वाचावं.

मूळ श्लोकात हालचालीसाठी चेष्टा हा शब्द आहे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, पण संस्कृतात चेष्टा म्हणजे शरीराची हालचाल, धडपड. म्हणजे देव म्हणत नाहीत की हलू नका. खाणं, फिरणं, हालचाल, झोप, जाग, सगळं चालू ठेवायला सांगतात आणि त्या सगळ्यापुढं एकच अट लावतात. ती अट म्हणजे युक्त. आपल्याला जुळेल, पेलेल, इतकं.

आता इथं एक शंका येते, मलाही आली. दुसऱ्या अध्यायात ऊठ म्हणणारा देव सहाव्यात बेतानं घे म्हणतो, मग खरं कोणतं? नीट पाहिलं तर विरोध नाही. अर्जुनाचं अंग धडधाकट होतं, ढळलं होतं ते मन. म्हणून त्याला ऊठ म्हटलं. माझ्या आईचं मन कधीच ढळलं नव्हतं. उलटी करून आलेली बाई पुन्हा भाकरी थापत होती, तिला दुबळी कोण म्हणेल? तिचं दुखणं शरीराचं होतं आणि मी तिला मनाचं औषध पाजत होतो. शास्त्राचं वचन खरं असलं तरी चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी ऐकवलं की त्याचा मार बसतो.

वैद्यकाचं म्हणणंही यापेक्षा वेगळं नाही. अर्धशिशीचा झटका साधारण 4 ते 72 तास टिकतो, आणि चालण्यानं किंवा जिना चढण्यानं तो वाढतो. हे तर या दुखण्याच्या निदानाच्या खुणांपैकीच एक आहे. म्हणजे झटका चालू असताना पडून राहणं हा आळस नाही, तोच उपचार आहे. पण दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत बेताचा, नियमित व्यायाम केला तर झटके कमी होऊ शकतात. 2011 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 91 रुग्णांचे तीन गट केले. एका गटानं आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्यानं शरीर सैल सोडण्याचा सराव केला, तिसऱ्यानं टोपिरामेट हे औषध घेतलं. तिन्ही गटांत झटके कमी झाले आणि त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. 2020 साली दिल्लीच्या एम्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात औषधाबरोबर योगाभ्यास करणाऱ्यांना नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. औषधाबरोबर म्हटलंय, औषध सोडून नाही. हे लक्षात ठेवा.

आपल्या आयुर्वेदात या दुखण्याला अर्धावभेदक म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्याची कारणं दिली आहेत. त्यांत रूक्ष खाणं, शरीराचे वेग अडवणं आणि अति श्रम-व्यायाम यांचाही उल्लेख येतो. आणि वाग्भटांनी अष्टांगहृदयात व्यायामाचं माप सांगितलं आहे ते तर धडधाकट माणसासाठी: आपल्या शक्तीच्या निम्माच करावा. बळकट माणसानं निम्मा, मग आजारी माणसानं किती ते आपणच ओळखावं. मी तर होती-नव्हती ती सगळी शक्ती एका पहाटेत खर्च केली होती, वर पोट रिकामं, झोप अपुरी आणि घोटभर पाणीही नाही. एकेक गोष्ट झटका आणायला पुरते, मी चारही एकत्र आणल्या.

सतराव्या अध्यायात पाचवा-सहावा श्लोक आहे, तो वाचून तर मी गप्पच झालो. जे लोक दंभानं आणि अहंकारानं, शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून शरीराला पिडतात, ते आत बसलेल्या मलाच पिडतात, असं भगवंत म्हणतात. स्टेटसचा आकडा आठवला. त्या पहाटे मी सूर्यदेवाला नमस्कार घालत होतो, आणि आत जो बसला होता त्याला लाथा मारत होतो.

मग मोडलेल्या नेमाचं काय? याचंही उत्तर त्याच सहाव्या अध्यायात पुढं आहे. अर्जुन विचारतो, वाटेतच जो घसरला त्याचं काय होतं, फाटलेल्या ढगासारखा तो कुठलाच राहत नाही का? देव त्याला बाळा म्हणावं तशा प्रेमानं सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. घसरलेल्याला जिथं सोडलं तिथून पुढं चालता येतं. माझी आई गीता शिकलेली नाही. तिनं हजेरीपटाचं म्हटलं ते दुसरं काय होतं?

आता मी काय करतो ते सांगतो. कुणाला उपयोग झाला तर होईल. पण आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.

झटका असेल त्या दिवशी व्यायाम नाही. त्या दिवशी अंधार, शांतता, पाणी आणि मनातल्या मनात नाम. बाकीच्या दिवशी आधी दहा मिनिटं सावकाश चालायचं, मगच अंग मोकळं करायचं. एकदम जोर लावायचा नाही. उपाशीपोटी नाही, तासभर आधी केळं किंवा अर्धी भाकरी खाऊन घ्यायची. पाणी प्यायचं. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आठनंतर बाहेर व्यायाम करायचाच नाही. बारा नमस्कारांवरून पुन्हा सुरुवात केली, आणि दोन आठवडे त्रास झाला नाही तरच दोन वाढवतो. एकादशीला दूध, फळं, भरपूर पाणी घेतो. आजाऱ्याला उपवासात सूट आहे, ती देवानं रागावून दिलेली नाही. एका वहीत तारीख, झोप, जेवण, व्यायाम आणि दुखणं लिहितो, आणि ती वही स्टेटसला टाकत नाही.

दोन गोष्टी मात्र जपा. दुखण्याची गोळी महिन्यात फार दिवस घेऊ नका. साध्या गोळ्या 15 दिवस आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस, या मर्यादेपर्यंत महिनोन्महिने गेलात तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. आणि व्यायाम करताना पहिल्यांदाच डोकं दुखलं, किंवा एकाएकी आजवर कधी नव्हतं इतकं भयंकर दुखलं, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली, तर ही नेहमीची अर्धशिशी म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

मागच्या आठवड्यात गावी होतो. सकाळी आईबरोबर शेताच्या वाटेनं चालायला निघालो. ती सावकाश चालते, मध्ये थांबते, कुणाच्या लिंबाखाली दम खाते. पूर्वी मी पुढं निघून जायचो. यावेळी तिच्या पावलानं चाललो. चालता चालता म्हणालो, "आई, आठवीत असताना मी तुला श्लोक म्हणून उठवलो होतो. चुकलं माझं." तिला आठवतच नव्हतं, की आठवत असून नाही म्हणाली, मला कळलं नाही. म्हणाली, "तू लहान होतास. चल, ऊन व्हायलंय."

आजचा नेम एवढाच. आज आपण जे काही कराल, जेवण, चालणं, काम, उपवास, जप, ते सुरू करण्याआधी एकदा स्वतःला विचारा: हे युक्त आहे का, की मी कुणाला तरी आकडा दाखवतोय? आणि घरात कुणी डोकं धरून पडलं असेल तर त्याला श्लोक सांगू नका. दिवा मालवा, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, दार हळू लोटा.

हे पांडुरंगा, तू दिलेलं हे शरीर तुझ्याच मापानं वापरायची बुद्धी दे. उठायची वेळ आली की उठव, पडायची वेळ आली की लाज न वाटता पडू दे.

राम कृष्ण हरी.