रक्त आमचं, रिपोर्ट कुणाकडं?

किल्लारीच्या जमिनीखाली काय आहे, हे आज नेमकं सांगता येतं. वर ३३८ मीटर जाडीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. त्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर. आणि त्याच्याही खाली अब्जावधी वर्षं जुना खडक. १९९३च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं (एनजीआरआय) तिथं ६१७ मीटर खोल बोअर मारला आणि खडकाचे नमुने वर काढले. आमच्याकडं पाण्यासाठी पाचशे-सातशे फूट बोअर मारणं नवीन नाही. हा दोन हजार फुटांचा होता आणि पाण्यासाठी नव्हता.

त्यातून जे कळलं ते इंग्रजी जर्नल्समध्ये छापून आलं. मी मूळचा लातूरचा, इंजिनिअरिंग नांदेडला केलं, आता पुण्यात कोड लिहितो. भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. किल्लारीवरचे शोधनिबंध वाचावेत म्हणून शोधायला लागलो, तर काही सहज मिळाले. काहींचा सारांश तेवढा फुकट होता, पुढं पैसे भरायची चौकट. एका निबंधाचे तीन हजारांच्या आसपास.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या गावाच्या जमिनीतून आणि ज्या गावाच्या मरणातून एखादं ज्ञान जन्माला आलं, त्या गावाचं त्या ज्ञानावर काही देणं लागतं का?

पैशांच्या चौकटीवर सरकारनं एक उत्तर शोधलंय. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. १ जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारखी राज्य विद्यापीठंही तिच्या कक्षेत येतात. म्हणजे विष्णुपुरीत बसलेल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचता यावं, ही कल्पना. ही छोटी गोष्ट नाही. ग्रंथालयाच्या एकाच फाटक्या अंकावर भागवलेल्या पिढ्यांना तिची किंमत विचारा.

पण ही चावी विद्यापीठाच्या फाटकापर्यंतच चालते. शेतकरी, गवंडी, सरपंच, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, पदवी घेऊन बाहेर पडलेला माझ्यासारखा कुणीही फाटकाबाहेरच. आणि उद्या फाटक उघडलं, तरी आत सगळं इंग्रजीत आहे.

यात कुणी काही लपवलेलं नाही, असं कुणी म्हणेल. खरंय. पण कल्पना करा, लॅबनं तुमचं रक्त घेतलं, तपासलं, रिपोर्ट तयार केला, परिषदेत वाचून दाखवला, फक्त तुम्हाला दिला नाही. खोटं कुणीच बोललं नाही. तरी तुमच्यावर अन्याय झालाच. रिपोर्ट आधी रुग्णाच्या हातात जायला हवा, कारण त्यावर जगायचं-मरायचं त्याला आहे.

किल्लारीत तर हे अक्षरशः जगण्या-मरण्याचंच होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. तीव्रता ६.२. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. झोन तीनमध्ये तो २००२च्या नकाशात आला. खरं तर ऑक्टोबर १९९२मध्येच किल्लारीत धक्के जाणवले होते. लोकांचे पाय एक सांगत होते, नकाशा दुसरंच. आणि माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या मातीच्या थरांनी जड झालेल्या माळवदांनी.

आता यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. जर्नल्स उघडली की तिथं शंका दिसतात. निम्न तेरणा धरणाच्या पाण्यानं हा भूकंप घडवला का, यावर संशोधक भांडले. काही म्हणाले हो, काही म्हणाले नाही, आणि दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले. गावात मात्र शंका पोहोचत नाही. गावात पोहोचतं आश्वासन, नाहीतर अफवा. २०२२च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज यायला लागले. २१ मार्च २०२४ला हिंगोलीतल्या ४.५च्या धक्क्यानं नांदेड, परभणी हादरलं. अशा वेळी ‘घाबरू नका’ एवढं सांगितलं जातं आणि उरलेली जागा व्हॉट्सॲप भरून काढतं.

यावरचा आक्षेप मी ऐकलाय. अर्धवट माहिती दिली तर लोक घाबरतील, घरंदारं सोडतील, आणि भूकंपाचं भाकीत तर कुणालाच करता येत नाही. भाकीत करता येत नाही, हे मान्य. पण तेच स्पष्ट शब्दांत सांगणं हीसुद्धा माहितीच आहे. जो शेतकरी दरवर्षी पावसाचा भरवसा नसताना पेरतो, त्याला अनिश्चितता पेलत नाही, असं आपण कशावरून ठरवलं? तिच्यासोबत कसं जगायचं हे आपल्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. शास्त्रज्ञानं संशोधन करायचं की भाषांतर? त्याची बढती जर्नलवर ठरते, ग्रामपंचायतीच्या फलकावर नाही. हे खरं असल्यामुळंच हे देणं एकट्या शास्त्रज्ञाचं राहत नाही. आमच्या धंद्यात ओपन सोर्सवर अर्धं जग चालतं. पण कोड नुसता खुला ठेवला आणि तो काय करतो, कसा चालवायचा, हे सांगणारी ‘रीडमी’ लिहिलीच नाही, तर तो नावापुरताच खुला. ती बहुतेकदा एकटा मूळ लेखक लिहीत नाही. वापरणारे लिहितात, सुधारतात, इतर भाषांत नेतात. ज्याला वाचता येतं, त्याच्याकडं ते काम येतं.

लातूर-नांदेडमधून इंजिनिअर, डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्यांची संख्या कमी नाही. इंग्रजी आम्हाला येते, पीडीएफ उघडता येतात. त्यामुळं माझं उत्तर असं: ज्ञानाचं देणं ते निर्माण करणाऱ्यावर जितकं, तितकंच ते वाचू शकणाऱ्यावरही असतं. गाव ज्यांचं आहे, त्यांच्यावर तर जास्तच.

आणि ते फेडायला फार लागत नाही. एक पान पुरे. वर लिहायचं, हे कळलंय: खाली खडक कसा आहे, आधी काय घडलं. मधे लिहायचं, हे कळलेलं नाही: पुढचा धक्का कधी, धरणाचा हात होता की नव्हता. खाली लिहायचं, घर बांधताना हे करा: भिंतीचे आतले-बाहेरचे थर जोडणारे आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घ्या, छत हलकं ठेवा. मराठीत, मोठ्या अक्षरात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. मधला भाग गाळायचा मोह होईल. तो गाळू नये. पहिला आणि तिसरा भाग कोणतंही सरकारी पत्रक देईल. मधला भाग देणारा माणूस गावाला आपल्या बरोबरीचं मानतो.