बाटलीतला अंगारा

“डॉक्टर, अंगात ताकदच नाही. एक सलाईन लावा.” बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कड्यासारख्या गावात ही मागणी कुठल्याही डॉक्टरला नवी नाही. पुण्या-मुंबईत तीच बाटली ‘वेलनेस ड्रिप’ होते. तिच्यात व्हिटॅमिन सी, बी-कॉम्प्लेक्स, ग्लुटाथायोन मिसळतात आणि बिल हजारांत जाते.

चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास हे दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध हे युक्तिव्यपाश्रय. मनाला अहितापासून आवरणे हा सत्त्वावजय. मग ताकदीची सलाईन यांतल्या कुठल्या खान्यात बसवायची? दिसायला ती दुसऱ्या प्रकारातली आहे. आत डोकावले तर 500 मिलिलिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. एका भाकरीइतकीही ऊर्जा त्यात नाही. जादाची बी आणि सी जीवनसत्त्वे बहुतांशी लघवीवाटे निघून जातात.

तरी माणसाला बरे वाटते, आणि ते खोटे नसते. अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे जुनाट अंगदुखीच्या, 34 रुग्णांवर झालेली एक छोटी चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. काहींना जीवनसत्त्वांचे ‘मायर्स कॉकटेल’ दिले, काहींना त्याशिवायचे साधे द्रावण. आराम दोन्ही गटांना पडला. त्यांच्यात ठोस फरक काही निघाला नाही. म्हणजे काम केले ते बहुधा श्रद्धेने. चरकाचा पहिला खाना, दुसऱ्याच्या वेषात!

श्रद्धेला नावे ठेवायचे कारण नाही. आष्टी तालुक्यातच सावरगावला मच्छिंद्रनाथांचा गड आहे. नाथांचा अंगारा भक्त कपाळाला लावतो. तो त्वचेच्या आत जात नाही. सलाईन थेट रक्तात जाते. सुईच्या जागी शीर सुजू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर जादा पाणी जिवावर बेतू शकते, आणि जी-6-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्याच्या रक्तपेशी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने फुटू शकतात. 2009 मध्येच गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस-बीची साथ आली, ती पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे.

कॉलरा, डेंग्यूतला शॉक, पोटात पाणीही न ठरणारा रुग्ण: इथे सलाईन जीव वाचवते, त्याबद्दल वादच नाही. पण 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपू लागली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा, ग्लुकोज पाण्यात कालवून पाजले आणि कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपासवरून चारच्या खाली आले. पिता येणाऱ्याला सुई कशाला?

डॉक्टरला हे सगळे ठाऊक असते. ठाऊक असून तो बाटली टांगतो आणि पैसे घेतो, तेव्हा अडचण नैतिक होते. पुजारी निदान अंगारा औषध म्हणून विकत नाही. “नाही लावली तर पेशंट दुसरीकडे जातो,” हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही.

मात्र बाटली आणखी एक गोष्ट देते, आणि तिचा हिशेब अशा चाचण्यांत धरला जात नाही. ती लागली की तासभर पडून राहता येते. घरातून हाक येत नाही, कामाला ऊठ असे कोणी म्हणत नाही. बीडच्या ऊसतोड मजुराला, त्यातही बाईला, एरवी ही मुभा कुठून मिळणार? फडात खाडा पडला की मुकादम दंड कापतो. सलाईन नाकारणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरने ‘दोन दिवस विश्रांती, पोटभर जेवण’ असे चिठ्ठीवर लिहून दिले, तर ती चिठ्ठी मुकादमाकडे चालणार आहे का?