उंबरठ्याच्या आतील परके

सांतो दोमिंगो या शहरात समुद्राकडे तोंड करून एका धर्मगुरूंचा प्रचंड पुतळा उभा आहे. एक हात तोंडाशी नेऊन ते कुणाला तरी मोठ्याने साद घालीत आहेत. हे डॉमिनिकन संघाचे फादर आंतोनियो दे मोंतेसिनोस. १५११ साली आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी त्यांनी याच शहरात प्रवचन केले आणि समोर बसलेल्या स्पॅनिश मातब्बरांना विचारले, की ज्यांना तुम्ही खाणींत राबवून मारीत आहात ती माणसे नव्हेत काय? श्रोत्यांत कोलंबसचा मुलगा, बेटाचा गव्हर्नर दिएगो, होता. प्रवचन कुणालाच रुचले नाही. तक्रार थेट स्पेनच्या राजापर्यंत गेली.

त्याच शहरात आज डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे स्थलांतर खाते परक्यांना वास्तव्याचे परवाने देते. ज्या परक्याला तेथे कायद्याने राहावयाचे आहे त्याने प्रथम आपल्या देशासाठी नेमलेल्या वकिलातीतून निवासाचा व्हिसा मिळवावयाचा. जन्मदाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला वगैरे कागद प्रमाणित करून, स्पॅनिशमध्ये उतरवून जोडावयाचे. तेथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी व्हावयाची, जामीन राहणारा दाखवावयाचा. मग एक वर्षाचा तात्पुरता परवाना मिळतो, आणि त्याचे नूतनीकरण करीत पाच वर्षे लोटली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. कोण आला, कशासाठी आला, हे घरधन्याने विचारावयाचे नाही तर कुणी? मात्र त्याच देशात दोन लाख डॉलर गुंतविणाऱ्यास किंवा परदेशातून दरमहा पंधराशे डॉलर निवृत्तिवेतन मिळविणाऱ्यास ही पाच वर्षांची प्रतीक्षा माफ आहे. त्या समुद्रातील सेंट किट्ससारख्या बेटांनी तर १९८४ पासून नागरिकत्वच विक्रीस काढले आहे. पैसेवाल्यास दार लवकर उघडते, ही जगाची जुनी रीत. तिच्याविषयी आज लिहावयाचे नाही. आम्हांस अस्वस्थ करतो तो तिसराच माणूस. तो या दारापाशी कधी उभाच राहिला नव्हता, कारण घरधन्यानेच त्याला मागील दाराने आत आणले होते.

हा माणूस हैतीचा ऊसतोड मजूर. हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक ही एकाच बेटावरील दोन राष्ट्रे. १९३७ साली हुकूमशहा त्रुहिल्यो याने सरहद्दीवर हजारो हैतियन माणसांची कत्तल करविली; आणि १९५२ पासून त्याच त्रुहिल्योच्या सरकारने हैतीच्या सरकारशी करार करून ऊसतोडीसाठी माणसे मागविली. माणशी रक्कम ठरलेली असे आणि ती हैतीच्या राज्यकर्त्यांच्या हाती पडे. १९८६ साली हैतीतील दुव्हालिए घराण्याची सत्ता कोसळेपर्यंत हा व्यवहार चालला. मजूर साखर कारखान्यांच्या वस्त्यांत, ज्यांना तेथे ‘बातेय’ म्हणतात, राहत. कित्येकांपाशी ओळखीचा कागद एकच, कारखान्याने दिलेले कार्ड. हंगाम संपला तरी बरेच जण मागे राहिले आणि पुढल्या हंगामास हाताशी माणूस हवा म्हणून मालकांनीही त्यांना राहू दिले. तेथे लग्ने झाली, बाळंतपणे झाली. बाप कारखान्याचे कार्ड घेऊन सरकारी नोंदणी कचेरीत जाई आणि कारकून ते पाहून मुलाचा जन्म नोंदवी.

आता या मुलांचे पाहा. त्या देशाच्या घटनेने १९२९ पासून तेथे जन्मणाऱ्या प्रत्येकास नागरिकत्व दिले होते. अपवाद दोनच: परकीय वकिलांची मुले आणि देशातून ‘वाटेने जात असलेल्या’ लोकांची मुले. जुन्या नियमानुसार वाटसरू म्हणजे दहा दिवसांच्या आत पुढे जाणारा प्रवासी. २००४ च्या कायद्याने या शब्दात परवाना नसलेले सगळेच परके कोंबले. तीस वर्षे एकाच शेतात ऊस तोडणारा माणूस वाटसरू कसा, असा प्रश्न कुणासही पडावा. अमेरिकी राष्ट्रांच्या मानवी हक्क न्यायालयास तो पडला आणि २००५ साली त्याने डॉमिनिकन सरकारला स्पष्ट सांगितले, की आईबापांचे बेकायदा वास्तव्य मुलांच्या वारशास येत नाही.

तरीही २०१३ च्या सप्टेंबरमध्ये तेथील घटना न्यायालयाने उलटा निर्णय दिला. एक तरुणी ओळखपत्र काढण्यासाठी आपला जन्मदाखला घेऊन कचेरीत गेली होती. तो तिच्याकडून काढून घेण्यात आला. तिने दाद मागितली. न्यायालय म्हणाले, तिचे आईबाप वाटसरू होते, ती कधी नागरिक नव्हतीच. आणि १९२९ पासूनच्या नोंदवह्या तपासून अशी सर्व नावे शोधून काढावीत. आजोबांच्या वेळी चाललेले कार्ड नातवाच्या वेळी खोटे ठरले.

जगभरातून टीका झाल्यावर २०१४ साली नवा कायदा आला. ज्यांचे जन्म नोंदलेले होते त्यांना नागरिकत्व परत देण्याची तरतूद त्यात झाली. ज्यांची नोंदच नव्हती त्यांनी आपल्याच जन्मभूमीत प्रथम ‘परके’ म्हणून नाव घालावयाचे होते, आणि येथेच जन्मलो याचा पुरावा म्हणून सुईणीचे किंवा सात साक्षीदारांचे निवेदन आणावयाचे होते. मुदतीत केवळ ८,७५५ जण अर्ज करू शकले. त्यांतील सुमारे साडेसातशे जणांना नागरिकत्व देणारा हुकूम निघाला तो २०२० साली. बाहेरून आलेल्या मजुरांसाठी वेगळी योजना होती. तिच्यासाठी २,८८,००० हून अधिक लोक रांगेत उभे राहिले, बहुतेकांना वर्षा-दोन वर्षांचे कार्ड मिळाले.

वाचकांपैकी काही म्हणतील, की आमचीही माणसे आखाती देशांत गेली, करार संपला तशी परत आली. त्यांनी कुठे हक्क सांगितला? हा आक्षेप खरा आहे. पण आखातात कुणी आपल्याला तेथे जन्मलेल्या लेकरांच्या नागरिकत्वाचे वचन दिले नव्हते. डॉमिनिकन घटनेने ते दिले होते, सरकारी कारकुनाने नोंदवहीत उतरविले होते, आणि लोकांनी त्यावर विसंबून आयुष्ये उभी केली होती. दुसराही आक्षेप आहे. हैतीत अनागोंदी माजली आहे, २०२१ साली तेथील राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, त्यानंतर टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग व्यापला. एकट्या शेजाऱ्याने हा भार किती सोसावा? हाही आम्ही नाकारीत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ तरी वेगळे काय सांगतो? संपन्न राष्ट्रांनी शक्य तितके परक्याला सामावून घ्यावे, पण राज्यकर्त्यांना सार्वजनिक हितासाठी अटी घालता येतात आणि आलेल्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. पोप तेविसाव्या योहानांनी १९६३ च्या परिपत्रकात रास्त कारणासाठी दुसऱ्या देशात जाऊन वसण्याचा माणसाचा हक्क सांगितला.

या तराजूची पारडी ख्रिस्तसभेतही सारखी राहिली नाहीत, हे लिहिताना संकोच वाटतो. सांतो दोमिंगोच्या तत्कालीन कार्डिनलांनी २०१३ च्या निकालाची उघड बाजू घेतली. स्थलांतरितांत काम करणारे येशुसंघीय त्या निकालाविरुद्ध उभे राहिले. दोघेही एकाच वेदीवर मिस्सा अर्पण करणारे. त्या देशाच्या ध्वजाच्या मध्यभागी क्रूस आहे आणि उघडे बायबल आहे.

कायदा पाळा, असे आपण म्हणतो तेव्हा तो पाळण्याची वाट मोकळी आहे असे आपण गृहीत धरतो. येथे ती नव्हती. परवान्यासाठी कागद हवा, आणि कागद देणाऱ्याने तो स्वतःच काढून घेतलेला. अशा वेळी बेकायदा नेमके कोण, हे ठरविण्यास केवळ कायद्याचे पुस्तक पुरत नाही, असे आम्हांस वाटते. ज्याच्या घामावर चुलीतील साखर गोड झाली त्याला ‘तू आत आलाच नव्हतास’ असे सांगण्याचा अधिकार घरधन्याने पहिल्याच हंगामात गमावला होता. उद्या नवीन येणाऱ्यास त्याने खुशाल अटी घालाव्यात.

२०२५ च्या एप्रिलपासून तेथील सरकारी रुग्णालयांत परक्या रुग्णाकडे ओळखपत्र, नोकरीचे पत्र आणि राहत्या जागेचा पुरावा मागितला जाऊ लागला. उपचार होतात, प्रसूतीही होते. मग ज्यांच्यापाशी कागद नाहीत त्यांना देशाबाहेर पाठविण्यात येते. त्यांत तान्ही बाळे घेतलेल्या बायका असतात.

मोंतेसिनोस यांचे प्रवचन आज आपल्याला ठाऊक आहे ते बार्तोलोमे दे लास कासास यांनी लिहून ठेवले म्हणून. १५११ साली ते स्वतः धर्मगुरू होते आणि त्यांच्याही पदरी राबणारी माणसे होती. ती त्यांनी सोडली १५१४ साली.