जाणत्याचे मौन

जुन्या वस्तूंचा शोध घेत हिंडणाऱ्यांची जात जगात सर्वत्र आढळते. नाणी, पोथ्या, टपालाची तिकिटे आणि तांब्यापितळेची भांडी जमविणारे लोक आपल्या परिचयाचे असतात, आणि त्यांच्या छंदाला आपण थोडाबहुत मानही देतो. परंतु कपडे धुण्याची आणि वाळविण्याची जुनी यंत्रे हुडकणारेही काही लोक आहेत, असे सांगितले तर पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. धुण्याचे यंत्र ही काय जतन करण्याची वस्तू झाली, असा प्रश्न मनात येईल. आम्हांस मात्र हा छंद उपहासाचा वाटत नाही. राजाच्या नाण्यावरून राजाचे नाव कळते, पण राजाच्या प्रजेने आपली लुगडी, धोतरे आणि अंथरुणे कशी धुतली, हे कळावयाचे असेल तर अशाच वस्तूंकडे वळले पाहिजे. मात्र या छंदाच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ छंदिष्टांचा नाही. नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपणां सर्वांच्या दाराशी तो केव्हा ना केव्हा येऊन उभा राहतो. म्हणून येथे त्याचा विचार करावयाचे योजिले आहे.

प्रथम हे शोधक यंत्र ओळखतात कसे, ते पाहू. धातूची पाटी शाबूत असेल तर काम सोपे. तिच्यावर कारखान्याचे नाव, नमुन्याचा क्रमांक आणि विजेचा दाब व आवर्तने कोरलेली असतात. एकशे दहा व्होल्ट व साठ आवर्तने असतील तर यंत्र मूळचे अमेरिकेकडचे, दोनशे तीसच्या आसपास व पन्नास आवर्तने असतील तर इंग्लंडकडचे किंवा आपल्या वापरासाठी बनविलेले, असा पहिला तर्क करता येतो. पाटीवरचे नाव मात्र नेहमीच कर्त्याचे असते असे नाही. अमेरिकेतील सीअर्स या दुकानदारी कंपनीने 'केनमोर' नावाने विकलेली यंत्रे दुसऱ्यांच्याच कारखान्यांत तयार होत. त्यांच्या क्रमांकाचे पहिले तीन अंक ११० असले, तर ते व्हर्लपूलचे काम, हे जाणकार पाहताक्षणी सांगतो.

पाटी निखळलेली असेल तर यंत्राच्या अंगाकडे पाहावे लागते. आयोवातील न्यूटन गावच्या मेटॅग कारखान्याने १९२२ मध्ये घुसळणारी रवी टाकीच्या तळाशी बसविली. रवी खाली गेली आणि टाकीचे तोंड मोकळे झाले. याच कारखान्याने, ज्या शेतकऱ्यांच्या घरी वीज पोचली नव्हती त्यांच्यासाठी, पायाने कळ दाबून चालू करावयाचे छोटे पेट्रोल-इंजिन खाली जोडलेली यंत्रेही विकली. १९३७ साली आलेले बेंडिक्सचे आडव्या पिंपाचे स्वयंचलित यंत्र फिरताना इतके हादरे की ते जमिनीला खिळवून टाकावे लागे. त्यामुळे पायांशी बोल्टांची भोके हीच त्याची खूण ठरते. वेल्समधील मर्थिर टिडफिल येथे हूव्हरचा कारखाना १९४८ मध्ये सुरू झाला. तेथल्या लहानखुऱ्या यंत्राला टाकीच्या बाजूच्या भिंतीत फिरती चकती आणि वर हाताने फिरवावयाचे पिळण्याचे रूळ होते. वाळविण्याच्या यंत्रांची परंपरा त्या मानाने अलीकडची. १८९२ साली जॉर्ज सॅम्पसन याने चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याच्या चौकटीचे पेटंट घेतले, आणि विसकॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये विजेचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या दाराला काच असावी, म्हणजे आत कपडे कसे उलथेपालथे होतात ते गिऱ्हाइकाला दिसेल, ही सूचना ब्रुक्स स्टीव्हन्स या आराखडाकाराची. भारतीय संग्राहकालाही आता आपल्या घरची जुनी यंत्रे पाहता येतात. जर्मनीच्या बॉशच्या साहाय्याने आयएफबीने गोव्यात केलेली पुढून उघडणारी यंत्रे १९९० च्या सुमाराची आहेत आणि तीही हळूहळू त्या रांगेत येऊ लागली आहेत.

ओळख इतकी तपशीलवार असली तरी ती चुकत नाही असे नाही. विजेवरच्या धुलाईयंत्राचा जनक म्हणून शिकागोच्या अल्वा फिशरचे नाव पुष्कळ वर्षे पुस्तकांतून छापले गेले. त्याचे पेटंट १९१० चे आहे, आणि त्यापूर्वीच विजेवर चालणारी यंत्रे निघाली होती, हे पुढे दिसून आले. शिवाय जुन्या यंत्राचे रूळ एकदा बदललेले असतात, मोटार दुसऱ्यांदा आणि रंग तिसऱ्यांदा. मग मूळचे यंत्र ते कोणते? मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी हाच प्रश्न विचारला होता. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. प्रामाणिक संग्राहक या कोड्यातून सरळ मार्ग काढतो. काय मूळचे आणि काय मागाहून घातलेले, हे तो लिहून ठेवतो. वस्तूच्या बाबतीतला प्रामाणिकपणा एवढ्याने पुरा होतो, परंतु माणसाच्या बाबतीतला तेथून सुरू होतो.

आता आमचा प्रश्न मांडतो. त्यासाठी एक काल्पनिक प्रसंग योजू, पण तो खऱ्या भूमीवर घडवू. म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. बेट्ट म्हणजे डोंगर, आणि शंकूसारखा तो डोंगर दुरूनही नजरेत भरतो. माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे, म्हणजे विजेच्या मल्लिकार्जुनाचे देऊळ असून तेथवर जावयास तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. सभोवारचा मुलूख तंबाखूचा आहे. वाळविण्याची जागा म्हटली की येथल्या माणसाला तंबाखूची पाने भाजण्याची भट्टीची कोठी आठवेल, कपड्यांचे यंत्र नव्हे. पश्चिमेस कोडगूचे कॉफीचे मळे आहेत. समजा, तेथल्या एखाद्या मळेवाल्याच्या लिलावातून निघालेले, खाली पेट्रोल-इंजिन असलेले धुण्याचे यंत्र फिरत फिरत बेट्टदपुरच्या एका घराच्या पडवीत येऊन पडले. घरची अज्जी त्याच्या टाकीत गुरांचा कोंडा साठविते. कामानिमित्त तेथे गेलेल्या एका मराठी अधिकाऱ्याने ते पाहिले आणि ओळखले. भंगारवाला उद्या येणार, वजनावर पैसे देणार, आणि त्याच्यापेक्षा थोडे अधिक मिळाले तर अज्जी आनंदाने यंत्र देईल, हेही त्याला कळले. शौकिनांच्या बाजारात त्याची किंमत भंगाराच्या भावाच्या अनेकपट आहे, हे तो जाणतो आणि अज्जी जाणत नाही. त्याने बोलावे की गप्प राहावे?

गप्प राहण्याच्या बाजूने बोलणारे काही मूर्ख नाहीत. ते म्हणतात : त्याने खोटे सांगितलेले नाही, मागितली ती किंमत दिली, किंबहुना भंगारवाल्याहून अधिक दिली. त्याचे ज्ञान त्याने वर्षानुवर्षे खपून मिळविले. ते फुकट का वाटावे? कायदाही त्यांच्या बाजूस दिसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम सांगते की केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. तेथील एका उदाहरणात दोन व्यापारी आहेत. भाव बदलल्याची खाजगी बातमी एकाला आहे, तरी ती दुसऱ्याला सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. हा वाद तर त्याहूनही फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे, एक व्यापारी धान्य घेऊन पोचला आहे आणि मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे काय? डायोजिनीस नावाच्या तत्त्वज्ञाच्या मते कायदा भाग पाडील तेवढेच सांगावे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे, गिऱ्हाइकाला माहीत नसलेले काहीही दडवू नये. सिसरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. त्याच ग्रंथात त्याने स्कीव्होला नावाच्या एका रोमन गृहस्थाची हकीकत नोंदविली आहे. जमीन विकत घेताना विकणाऱ्याने किंमत सांगितली, तेव्हा माझ्या मते ती याहून अधिक मोलाची आहे असे म्हणून त्याने आपण होऊन एक लाख सेस्टर्स जास्त दिले.

आम्हांस या वादात निर्णायक वाटते ते त्याच सतराव्या कलमातील दुसरे एक उदाहरण. तेथे बाप आपल्या नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला घोडा विकतो, आणि घोड्यातला दोष त्याने तिला सांगितलाच पाहिजे, असे कायदा म्हणतो. माल तोच आणि मौनही तेच, बदलले ते केवळ नाते. दोन व्यापारी एकमेकांवर विसंबून नसतात, मुलगी मात्र बापावर विसंबलेली असते. तेव्हा मौन निर्दोष की सदोष, हे दोघांमधल्या नात्यावरून ठरते.

मग अधिकारी आणि अज्जी यांचे नाते कोणते? तो तिच्या ओटीवर आला तो गिऱ्हाईक म्हणून आलेला नाही. सरकारचा माणूस म्हणून तिने त्याला बसावयास घोंगडी घातली. सारा, दाखला, निवृत्तिवेतन, पाण्याचा नळ अशा अनेक गोष्टींत तो जे सांगतो ते ती खरे धरते. परभाषिक असूनही धरते, कारण त्याच्या शब्दामागे राज्य उभे असते. अशा माणसाने वस्तूची किंमत विचारून "ठीक आहे" म्हटले, तर त्या दोन शब्दांतच एक साक्ष होऊन जाते : हिची किंमत एवढीच. त्याने मौन पाळले असे त्याला वाटते, परंतु तिच्या कानी मात्र निवाडा गेलेला असतो. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाने, ज्याच्याशी सरकारी काम पडते अशा माणसाशी ठराविक किमतीपलीकडचा जंगम मालाचा व्यवहार करण्यापूर्वी परवानगी घ्यावयास सांगितले आहे. हा नियम पुष्कळांना कटकटीचा वाटतो. त्यामागे हीच जाणीव आहे असे आम्हांस वाटते.

तरी ज्ञानाला काही मोल आहे की नाही, हा आक्षेप शिल्लक राहतो. त्याचे उत्तर याच मुलुखाशी संबंध असलेल्या एका ग्रंथात सापडते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातील पहिला अध्याय कारागिरांविषयी आहे. परटांनी कपडे लाकडी फळ्यांवर किंवा गुळगुळीत दगडांवरच धुवावेत, अन्यत्र धुऊन खराब केल्यास भरपाई आणि दंड द्यावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे असे आहे की खाण, रत्न किंवा पुरलेले धन सापडल्याचे जो निवेदन करील त्याला त्याचा सहावा वाटा मिळावा, आणि तो पगारी नोकर असेल तर बारावा. येथे महत्त्वाचा शब्द निवेदन हा आहे. शोधणाऱ्याला मोबदला आहे, पण तो बोलण्याचा आहे, लपविण्याचा नाही. आणि पगारी माणसाचा वाटा निम्मा, हे आपणांपैकी प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा ग्रंथ आपणांस मिळाला तोही निवेदनामुळेच. तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली, आणि १९०५ साली तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ती ओळखली. शामशास्त्री कावेरीकाठच्या रुद्रपट्टणचे होते. बेट्टदपुरप्रमाणेच तेही संकेती ब्राह्मणांच्या जुन्या वस्तीचे गाव आहे. शतकानुशतके केवळ नावाने उरलेला ग्रंथ हातात आहे, हे त्या घडीला जाणणारे फार थोडे असतील. त्यांनी १९०९ मध्ये संहिता छापली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर दिले, आणि पोथी कोठून आली तेही सांगितले. ओळख पटविणे आणि जाहीर करणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हतीच. यात त्यांचे काही कमी झाले नाही. त्यांचे नाव जगभर गेले ते याच कामामुळे.

आणखी एक गोष्ट. गप्प राहणारा केवळ अज्जीचे पैसे बुडवीत नाही, तो स्वतःच्या ज्ञानाचेही नुकसान करतो. पाटीवरून कारखाना कळेल, बोल्टांवरून वर्ष कळेल, पण हे यंत्र या ओटीपर्यंत कसे आले, इंजिन शेवटचे केव्हा चालले, त्याचा आवाज ऐकून गावची मडिवाळ मंडळी काय म्हणाली, ते बंद का पडले आणि रूळ कोणी काढून नेले, हे केवळ अज्जीलाच ठाऊक असते. ज्याला वस्तू स्वस्तात न्यावयाची आहे तो हे प्रश्न विचारू शकत नाही, कारण फार विचारपूस केली तर वस्तू मोलाची आहे हे उघड होईल. म्हणून तो घाईने पैसे मोजतो आणि मुके यंत्र घेऊन जातो. याउलट जो आरंभीच म्हणेल, "अज्जी, ही साधी टाकी नव्हे, हिला चांगली किंमत येईल, आणि मलाही ती हवी आहे," त्याला कदाचित अधिक पैसे मोजावे लागतील, कदाचित वस्तू मिळणारही नाही. अज्जी ती ठेवून घेईल, किंवा मुलाला विचारते म्हणेल. परंतु त्याच्यासमोर बसून ती बोलेल, आणि यंत्राची उरलेली अर्धी ओळख त्या बोलण्यातून पटेल. संग्राहकाला ओळख हवी आहे की केवळ मालकी, याची परीक्षा येथेच होते.

आपण बदलीवर जातो तेथे आपल्याला पुष्कळ गोष्टी कळतात ज्या गावाला कळत नाहीत : रस्ता कोठून जाणार, कोणत्या जमिनीचे मोल चढणार, कोणत्या अर्जाला मुदत किती. धुण्याचे जुने यंत्र हे त्यांतले सर्वांत किरकोळ उदाहरण. परंतु किरकोळ ठिकाणी जी सवय लागते तीच मोठ्या ठिकाणी कामास येते. वरिष्ठांनी विचारले तर बोलणे हा शिस्तीचा भाग आहे. ज्याला विचारावयाचे काय हेच ठाऊक नाही, त्याला आपण होऊन सांगणे हा धर्माचा भाग आहे. परप्रांतात आपल्याला घोंगडी घालून बसविणाऱ्यांचे आपण एवढे देणे लागतो.