आवाज बंद करण्याचा हक्क

आमच्या घरात अलीकडे माणसांपेक्षा यंत्रेच जास्त बोलतात. वीज गेली की यूपीएस ओरडतो, कपडे धुऊन झाले की वॉशिंग मशीन. दिवसभर वर्गातला गलका ऐकून घरी आलेल्या मास्तरला ही टीं-टीं नकोशी होते.

या आवाजामागे असते एक पातळ चकती. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलटेही खरे ठरले. वीज दिली की असा पदार्थ किंचित आकार बदलतो. विजेच्या स्पंदनांबरोबर चकती थरथरते आणि शिट्टी वाजते. तिचा सूर बहुधा सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांचा असतो आणि माणसाचा कान याच पट्ट्यात फार तिखट असतो. म्हणजे हा आवाज खुपतो तो चुकून नव्हे. त्याने खुपावे हीच त्याची नेमणूक आहे.

मग तो बंद करण्याचा हक्क आपल्याला आहे का?

मी तो गृहीत धरला होता. मे महिन्यात आमच्या फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले. दार नीट लागेना, फ्रिज वेळी-अवेळी वाजू लागला. रबर बदलायला वेळ नव्हता, म्हणून दुरुस्तीवाल्याकडून मी बझरची तारच काढून घेतली. घर शांत झाले. आठवड्याभराने एका रात्री दार किलकिले राहिले. सकाळी फरशीवर पाणी होते. दाराच्या कप्प्यात अम्मीच्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. बाटल्या किती तास तापल्या, कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, जोखीम घेऊ नका. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या.

अम्मी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बेटा, आवाज तो बंद किया, अब दरवाजा कौन देखेगा?"

त्या प्रश्नातच मला उत्तर सापडले. सगळेच आवाज सारखे नसतात. रिमोटचे बटण दाबल्याची टिकटिक खुशाल बंद करावी. तिच्यावाचून कुणाचे अडत नाही. शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणारा आवाज तर बंद करणे हे कर्तव्यच आहे. पण इशारा देणारा आवाज जो बंद करतो, त्याने पहारेकऱ्याला घरी पाठवलेले असते. आता पहारा त्याचा. ते ओझे घ्यायची तयारी नसेल, तर हक्कही नाही.

शाळेत मी रोज "खामोश!" म्हणतो. हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग गप्प झाला की शिकवणे चांगले झाले असे वाटते. पण ज्याला गणित समजले नाही तोही त्या शांततेत गप्पच बसलेला असतो. आणि अम्मी? गुडघे दुखतात म्हणून ती पूर्वी कुरकुरायची. "वयच झाले आहे," असे आम्ही दोन-चारदा म्हटले. हल्ली ती काही बोलत नाही. गुडघे बरे झाले, असे आम्ही समजून चाललो होतो.

फ्रिजचे रबर मी बदलले, तारही परत जोडून घेतली. परवा संध्याकाळी अम्मीजवळ बसून गुडघ्यांचे विचारले. ती बराच वेळ बोलत होती.